जुनी मोटरसायकल घेताना: आधी मिस्त्री शोधा, मग गाडी

जुनी मोटरसायकल घ्यायचं मनात आलं की माणूस सगळ्यात आधी मॉडेल ठरवतो. जावा की बुलेट, आरएक्स की राजदूत, यावर महिनोन्महिने खल होतो, टाकीचा रंगसुद्धा ठरलेला असतो. मग शोधाशोध, सौदा, आणि गाडी दारात उभी राहिल्यावर प्रश्न पडतो की आता हिला हात कोण लावणार? माझं सांगणं एवढंच आहे की हा क्रम उलटा करा. तुमच्या गावात किंवा तास-दोन तासांच्या अंतरावर कोणत्या जुन्या गाडीचं इंजिन खोलून ते पुन्हा नीट बसवणारा मिस्त्री आहे, ते आधी शोधा. त्याच्या हाताला जी गाडी माहीत आहे, ती घ्या. बाकीच्यांवर प्रेम जरूर करा, पण त्या दारात आणू नका.

चांगला मिस्त्री ओळखायचा कसा? त्याच्या गॅरेजमध्ये जाऊन बसा. तुम्हाला हवी असलेली गाडी तिथे चालत येते आणि चालत जाते का, की कोपऱ्यात धूळ खात उभी आहे, हे पाहा. क्रँक भरायला तो कोणत्या लेथवर पाठवतो, बोअर कुठे करून घेतो, हे विचारा. ज्याला काम येतं तो लेथवाल्याचं नाव लगेच सांगतो आणि त्या लेथवाल्याच्या गुणदोषांसकट सांगतो. त्या मॉडेलचे पुलर त्याच्याकडे आहेत का, हेही बघा. पुलर नसलेला माणूस मॅग्नेटो किंवा क्लच हातोड्यानं काढतो आणि तुमच्या क्रँकचं टोक कायमचं बिघडवतो. कोल्हापूरकरांना उद्यमनगरमुळे या बाबतीत मोठा आधार आहे, कारण तिथे बुश, स्लीव्ह, पिन अशा वस्तू नमुना दाखवून बनवून मिळू शकतात. पुण्यात नाना पेठेत दुचाकीच्या सुट्या भागांची दुकानं आहेत, बुधवारी आणि रविवारी भरणाऱ्या जुन्या बाजारात नशिबानं एखादा अस्सल दिवा किंवा लिव्हर हाती लागतो. मुंबईकरांना ऑपेरा हाऊस आणि चोर बाजार आहेच. तुम्ही यांपासून जितके लांब, तितकी गाडी साधी आणि सर्वत्र मिळणारी निवडावी.

दुसरा प्रश्न स्वतःला विचारायचा: गाडी घेऊन काय करणार? रविवारी सकाळी पन्नास-साठ किलोमीटर जाऊन यायचं आहे, की आठवड्यातून तीनदा कामावर न्यायची आहे, की वर्षातून एकदा रॅलीत उभी करायची आहे? याचं प्रामाणिक उत्तर बऱ्याच गाड्या बाद करतं. आणि एक परीक्षा अशी की जिची स्वप्नं बघताय ती गाडी कुणाची तरी मागून, स्वतः किक मारून, निदान तासभर चालवा. गुडघा दुखतो का, स्टँडवर चढवता येते का, गर्दीत पाय जमिनीला नीट टेकतात का, हे शरीर सांगेल. वडिलांच्या किंवा काकांच्या गाडीवर बसून लहानपणी केलेला प्रवास आठवतो तो मागच्या किंवा पुढच्या जागेवरचा. हँडल हातात आल्यावर तीच गाडी वेगळी असते.

आता गाड्यांकडे वळू. आपल्याकडे रस्त्यावर दिसणाऱ्या जुन्या गाड्यांत माझं झुकतं माप जावा आणि येझदीला आहे, आणि त्याची कारणं आहेत. म्हैसूरमध्ये आयडियल जावा या कंपनीनं १९६१ मध्ये चेकोस्लोव्हाकियाच्या जावाच्या परवान्यावर २५० सीसी गाड्या बनवायला सुरुवात केली. सत्तरच्या दशकात येझदी हे नाव आलं, १९७८ मध्ये रोडकिंग आली आणि १९९६ मध्ये कारखाना बंद पडला. पस्तीस वर्षं जवळपास एकाच घराण्याचं इंजिन बनत राहिल्यामुळे सुटे भाग आजही सापडतात आणि ते इंजिन जाणणारी माणसंही. एकच सिलिंडर, टू-स्ट्रोक, ना व्हॉल्व्ह ना कॅम. दोन सायलेन्सर बघून अनेकांना ती दोन सिलिंडरची वाटते, पण २५० मध्ये सिलिंडर एकच असतो, त्याला धूर बाहेर सोडायची दारं दोन. किक आणि गिअर एकाच लिव्हरवर असतात: लिव्हर आत दाबून मागे फिरवली की किक, पुन्हा पुढे आणली की गिअर. गिअर बदलताना तीच लिव्हर आतून क्लचही उचलते, त्यामुळे जाणकार माणूस क्लच न दाबता गिअर टाकतो. एवढी साधी आणि एवढी विचारपूर्वक केलेली रचना मला दुसऱ्या गाडीत दिसलेली नाही.

तिची दुखणीही ठरलेली आहेत आणि ती घेण्याआधीच तपासता येतात. गाडी वर्षानुवर्षं उभी राहिली की क्रँकचे ऑइल सील सुकून कडक होतात. क्लचच्या बाजूचा सील गेला तर गिअरबॉक्समधलं ऑइल इंजिनात ओढलं जाऊन जळतं. इंजिन चांगलं तापल्यावरही पांढरा धूर थांबत नसेल आणि गिअर ऑइल कमी होत असेल तर हेच कारण धरा. मॅग्नेटोच्या बाजूचा सील गेला तर तिथून हवा आत जाते, मिश्रण पातळ होतं, इंजिन तापतं आणि एक दिवस पिस्टन सीज होतो. पेट्रोलमध्ये टू-टी ऑइल मोजून घालण्याची सवय या गाडीला लागते. आधीच्या मालकानं ते अंदाजानं घातलं असेल तर सायलेन्सर काजळीनं तुंबलेले असतात आणि गाडी चढावर मरते. ते काम स्वस्तात होतं. सील आणि क्रँकचं काम मात्र पूर्ण इंजिन खोलायला लावतं, तेवढे पैसे सौद्यात वजा करून घ्या.

बुलेटची गोष्ट वेगळी. १९५५ मध्ये मद्रासमध्ये एन्फिल्ड इंडिया सुरू झाली आणि इंग्लंडमधली मूळ कंपनी बंद पडल्यावरही आपल्याकडची बुलेट बनत राहिली. ३४६ सीसीचं ते ओतीव लोखंडी सिलिंडरचं इंजिन, उजव्या पायाला गिअर, डाव्या पायाला ब्रेक, पहिला गिअर वर आणि बाकीचे खाली. नव्या गाड्यांवर हात बसलेल्यानं सुरुवातीचे काही दिवस मोकळ्या मैदानातच चालवावी, कारण संकटाच्या क्षणी पाय सवयीच्या बाजूला जातो आणि ब्रेकऐवजी गिअर दाबला जातो. किकचीही पद्धत आहे. किक हळू दाबत कॉम्प्रेशनपर्यंत यायचं, डीकॉम्प्रेशनची लिव्हर ओढून इंजिन थोडं पुढे सरकवायचं, अ‍ॅमीटरचा काटा मध्यावर आला की लिव्हर सोडून पूर्ण किक मारायची. हे न जमणाऱ्याच्या नडगीवर किक उलटी येते. जमलं की मध्यमवयीन माणूसही एका किकमध्ये सुरू करतो. बराच काळ उभ्या राहिलेल्या बुलेटमध्ये ऑइल क्रँकखाली उतरून साचतं, म्हणून सुरू केल्यावर थोडा वेळ धूर येतो. तेवढ्यावरून गाडी नाकारू नका. पण धूर थांबत नसेल, हेडमधून ठोके ऐकू येत असतील किंवा बिग एंडचा दबका आवाज खालून येत असेल, तर मिस्त्रीला विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका. बुलेटचा मोठा फायदा म्हणजे तालुक्याच्या गावातही तिचं काम करणारा माणूस असतो. मी सुरुवातीला सांगितलेल्या कसोटीवर ती सगळ्यांच्या पुढे आहे.

राजदूत १७५ साठच्या दशकाच्या सुरुवातीला आली, मूळ आराखडा पोलंडच्या एसएचएल गाडीचा. दूधवाल्यांनी कॅन लटकवून ती खेडोपाडी चालवली, त्यामुळे आज मिळणाऱ्या बऱ्याच राजदूत राबून थकलेल्या असतात. ‘बॉबी’मुळे प्रसिद्ध झालेली छोटी जीटीएस दिसायला गोड आहे, पण पूर्ण भागांसह मिळणं कठीण.

यामाहा आरएक्स १०० बद्दल मला सावध करायचं आहे. १९८५ च्या अखेरीस आलेली ही ९८ सीसीची गाडी १९९६ पर्यंत बनली. हलकी, चटपटीत, ११ अश्वशक्तीची, आणि आवाज असा की ज्यानं तो कॉलेजात ऐकला त्याला विसरता येत नाही. मागणी इतकी वाढली आहे की किमती तिच्या मूल्याच्या पलीकडे गेल्या आहेत. त्याचबरोबर आरएक्स १३५ चं इंजिन बसवलेल्या, वेगवेगळ्या गाड्यांचे भाग जोडून उभ्या केलेल्या, इंजिन नंबर कागदांशी न जुळणाऱ्या आरएक्सही बाजारात आल्या आहेत. ही गाडी घ्यायचीच असेल तर चकाकणारी न घेता एका मालकाकडची, मळलेली, पण पूर्ण गाडी शोधा.

आणि राजदूत ३५०, म्हणजे यामाहा आरडी. १९८३ मध्ये आपल्याकडे आलेली दोन सिलिंडर, सहा गिअर, ३४७ सीसीची टू-स्ट्रोक. सुरुवातीची हाय टॉर्क, नंतरची लो टॉर्क. वेगाच्या मानानं पुढचा ड्रम ब्रेक अपुरा, पेट्रोल भरपूर, सुटे भाग महाग आणि दुर्मिळ. हिचे वेडे लोक मला आवडतात आणि त्यांनी ही गाडी जिवंत ठेवली याबद्दल मनापासून आदर आहे. पण पहिली जुनी गाडी म्हणून आरडी घेऊ नये, असं माझं ठाम मत आहे. दोन्ही सिलिंडरची जुळणी, दोन कार्बोरेटरचं सिंक्रोनायझेशन, दोन्ही पॉइंटचं टायमिंग यात थोडी चूक झाली तरी पिस्टनला भोक पडतं. आधी एका सिलिंडरचं इंजिन कळू द्या.

ब्रिटिश गाड्यांची स्वप्नं बघणारेही आहेत: बीएसए एम २०, नॉर्टन १६ एच, मॅचलेस जी ३ एल. दुसऱ्या महायुद्धात लष्करासाठी बनलेल्या या गाड्या नंतर लिलावात निघाल्या आणि आपल्याकडेही राहिल्या. ‘शोले’तली साइडकारची गाडी बीएसएच. यांच्या नटबोल्टना आपले मेट्रिक पाने बसत नाहीत, व्हिटवर्थ मापाचे पाने लागतात, आणि चुकीच्या पान्यानं कोपरे गेलेले नट हे हयगयीचं पहिलं लक्षण समजा. असली गाडी दोन-तीन जुन्या गाड्या सांभाळल्यानंतर घ्यावी.

गाडी बघायला जाल तेव्हा आधी कळवून ठेवा की इंजिन थंड हवं. पोचल्यावर सिलिंडरवर हात ठेवा. गरम असेल तर विकणाऱ्यानं आधीच झगडून सुरू करून ठेवली आहे, परत एकदा सकाळी या. किक हळू दाबून कॉम्प्रेशन पाहा. टाकीत बॅटरीचा उजेड टाकून गंज पाहा. टाकी आणि मडगार्डवर पातळ फडक्यातून लोहचुंबक फिरवा, जिथे तो धरत नाही तिथे रंगाखाली लांबी भरलेली आहे. गाडी डबल स्टँडवर घेऊन पुढचं चाक उचला, हँडल हळूच इकडून तिकडे फिरवा, मध्यावर अडकत असेल तर कोनसेट गेला. मागचं चाक धरून बाजूला हलवा, स्विंग आर्मचे बुश कळतील. मग गाडीच्या मागे दहा पावलांवर बसून दोन्ही चाकं एका रेषेत आहेत का बघा. चेसिस वाकलेली असेल तर तिथूनच परत फिरा. शेवटी सिलिंडर कितव्या बोअरवर आहे ते विचारा. शेवटच्या ओव्हरसाइझ पिस्टनपर्यंत पोचलेला असेल तर पुढच्या वेळी स्लीव्ह टाकावी लागणार.

एक नियम मात्र कधीच मोडू नका: अपुरी गाडी स्वस्त म्हणून घेऊ नका. हेडलाइटचा कप नाही, साइड पॅनल नाहीत, मीटर दुसऱ्याच गाडीचा आहे, टूलबॉक्सचं झाकण हरवलंय, हे सगळं शोधताना वर्षं जातात आणि प्रत्येक वस्तू सुटी घेताना मूळ सौद्यात वाचलेले पैसे कधीच संपलेले असतात. इंजिनाचा भाग निदान बनवून मिळतो, पण त्या काळातला पत्र्याचा नेमका भाग आणि त्यावरचं क्रोम परत मिळणं अवघड.

आता कागद. माझ्या माहितीतल्या बहुतेक फसलेल्या सौद्यांत इंजिन चांगलं होतं, कागद वाईट होते. आरसी बुकवरचा चेसिस नंबर आणि इंजिन नंबर गाडीवरच्या पंचिंगशी अक्षर अन् अक्षर ताडून पाहा, चेसिस नंबरची पेन्सिल प्रिंट घ्या. आकडे वाकडे, खोल-उथळ किंवा आजूबाजूचा पत्रा घासलेला दिसला तर सौदा सोडा. गाडी आरसीवरच्या मालकाकडूनच घ्या. तो हयात नसेल तर वारसांच्या नावावर आधी होऊ द्या. मालकी बदलाच्या कोऱ्या टीटीओ फॉर्मवर सह्या घेऊन चार हातांतून फिरलेली गाडी तुमच्या नावावर होताना शेवटी तुम्हालाच आरटीओत हेलपाटे घालावे लागतात.

ऐंशीच्या दशकात अनेकांनी सहकारी बँकेचं कर्ज काढून गाडी घेतली. कर्ज फिटलं, पण आरसीवरचा बँकेचा बोजा उतरवायचा राहून गेला. आज ती बँक दुसऱ्या बँकेत विलीन झालेली असू शकते, आणि ना हरकत पत्रासाठी तुम्हाला दारोदार जावं लागेल. हे काम विकणाऱ्याकडून आधी करून घ्या. १९८९ मध्ये नवी क्रमांक पद्धत येण्यापूर्वीच्या, तीन इंग्रजी अक्षरांनी सुरू होणाऱ्या जुन्या नंबरच्या गाड्यांची नोंद ऑनलाइन ‘वाहन’ प्रणालीवर कधी कधी सापडत नाही. ती नोंद संगणकावर चढल्याशिवाय नाव बदलणं, विमा, एचएसआरपी पाटी, सगळंच अडतं. म्हणून गाडीचा नंबर घेऊन आधी एमपरिवहनवर बघा आणि नोंद दिसत नसेल तर मूळ आरटीओत चौकशी करा.

पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी गाडीचं रीपासिंग करावं लागतं, महाराष्ट्रात पर्यावरण कर भरावा लागतो, फीही अलीकडे वाढली आहे. वर्षानुवर्षं पासिंग न झालेल्या गाडीवर दंड साचलेला असतो, तो आकडा सौद्याआधी कळायला हवा. दुसऱ्या राज्यातली गाडी असेल तर तिथली एनओसी हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. बेळगाव-निपाणीकडून किंवा गोव्यातून गाडी आणणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवावं.

२०२१ च्या जुलैमध्ये केंद्र सरकारनं व्हिंटेज वाहनांसाठी वेगळे नियम आणले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं पूर्ण झालेली, चेसिस, बॉडी आणि इंजिनात मोठा बदल न केलेली गाडी या प्रकारात नोंदवता येते. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, मुदत १० वर्षं, पुढच्या नोंदणीला ५,००० रुपये. नंबरात राज्याच्या अक्षरांनंतर ‘व्हीए’ ही अक्षरं येतात. आधी नोंदणी झालेल्या गाडीला तिचा जुना नंबर राखता येतो. पण या नोंदणीची गाडी नेहमीच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणं अशा कारणांसाठीच ती चालवायची. म्हणजे साठच्या दशकातली जावा कागदपत्रांसकट जपून ठेवायची असेल तर हा मार्ग उत्तम. पण ताम्हिणी घाटात रविवारी फिरायचं असेल तर साधं पाच वर्षांचं रीपासिंग करत राहा. रोडकिंगसारखी १९७८ ची गाडी २०२८ आधी या नियमात बसतच नाही, आरएक्स तर २०३५ च्या अखेरीआधी नाही. आणि चेसिस कापून बॉबर केलेल्या बुलेटला हा दरवाजा बंद झालेला आहे. मोडतोड करून गाडी ‘मॉडिफाय’ करणाऱ्यांनी हे आधी ऐकावं.

पैशांचं गणित साधं ठेवा. गाडीच्या किमतीइतकीच रक्कम पहिल्या वर्षाच्या कामासाठी बाजूला काढता येत नसेल तर कमी किमतीची गाडी बघा. पहिला खर्च रंगावर करू नका. आधी ब्रेक, टायर, वायरिंग, मग इंजिन, मग चाकांच्या तारा, सगळ्यात शेवटी रंग आणि क्रोम. बदललेला प्रत्येक जुना भाग डब्यात जपून ठेवा, अस्सलपणाचा पुरावा तोच असतो. आणि गाडीवर मूळ रंग टिकून असेल, भले फिका झालेला, तर तो राहू द्या. नवा रंग कधीही चढवता येतो, मूळ रंग एकदा घासला की गेला.

आजच्या पेट्रोलची काळजी घ्यावी लागते. त्यात आता इथेनॉल २० टक्क्यांपर्यंत असतं. ते हवेतलं पाणी शोषतं, जुन्या रबरी नळ्या आणि वॉशर फुगवतं किंवा कडक करतं, टाकीत गंज धरतं. नळ्या नव्या प्रतीच्या घाला, टाकीत महिनोन्महिने पेट्रोल ठेवू नका, कार्बोरेटरमधलं पेट्रोल उभं करण्याआधी संपवून टाका. कोकणात आणि गोव्यात पावसाचे चार महिने गाडी उभी राहणार असेल तर टाकी रिकामी करून आतून ऑइलचा हात फिरवा, क्रोमवर ग्रीसचा पातळ थर द्या, आणि प्लॅस्टिकच्या कव्हरऐवजी सुती चादर घाला. प्लॅस्टिकखाली ओल कोंडते.

घेण्याआधी एक काम नक्की करा. जुलैचा दुसरा रविवार हा जावा-येझदीवाल्यांचा दिवस असतो. महाराष्ट्रातल्या शहरांतही त्या दिवशी गाड्या एकत्र येतात. तिथे जा, मालकांशी बोला, त्यांच्या मिस्त्रींची नावं मागा. ही माणसं माहिती लपवत नाहीत. तुमचं मन बुलेटवर असलं तरी जा, कारण जुन्या गाडीबरोबर राहणं म्हणजे काय ते तिथे एका सकाळीत कळतं.

पहिलीच जुनी गाडी घेणाऱ्यानं, गावात बुलेटचा मिस्त्री असेल तर बुलेट आणि येझदीचा असेल तर येझदी घ्यावी, पूर्ण भागांची, स्वच्छ कागदांची, चालती. आणि त्या मिस्त्रीशी मजुरीवरून घासाघीस करू नका. पॉइंटचं टायमिंग कानानं लावणाऱ्या या माणसांचं वय आता साठीच्या पुढे आहे. त्यांच्या हाताखाली एखादा पोरगा शिकत राहावा इतकी कमाई त्यांना होऊ द्या.